पाण्याच्या बाटलीवरची चिठ्ठी

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

नात फोनवर बोलत नाही, ही तुझी तक्रार आता माझीही आहे. तिच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. बाकी आम्ही ठणठणीत आहोत. बाबांचा खोकला थांबला का?

इथल्या फ्रेंच शाळेतल्या बाईंनी बजावलं, "घरी फक्त फ्रेंच बोला." मी गाणी शोधली, कार्टून लावली, घरभर वस्तूंवर फ्रेंच नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि मराठी बंद केली. आपली चिमणी शाळेत गप्प होतीच, आता घरीही गप्प. काल तहान लागली, तर तिने पाण्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर नुसतं बोट ठेवलं. भाषा शिकवायची म्हणून लेकराचं तोंडच बंद करायचं? मला हे मुळीच मान्य नाही!

वाचनालयातल्या आजीबाई माझ्यावरच डाफरल्या, "अहो, गोष्ट आधी तुमच्या भाषेत ऐकवा, मग आमचं पुस्तक उघडा." त्यांनी आळशी मांजराचं पुस्तक दिलंय. तू रचलेल्या गोष्टीतल्या मांजराचं ते सख्खं भावंड शोभेल.

तेव्हा आई, पत्र मिळताच ती गोष्ट फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठव. म्यांव करताना लाजू नकोस. चिमणी तिथेच हसायची.

तुझाच,
धाकटा