पुसलेली तीट

ती. आईस,
वाकून नमस्कार, आणि तुझ्या नातीचे दोन लाळभरले पापे.

आधी आनंदाची बातमी: चिमणीच्या पासपोर्टचं काम झालं! आपल्या वकिलातीची माणसं इथल्या शाळेत शिबिर भरवायला आली होती. पुढचं शिबिर कधी, देव जाणे.

पण घोळ झालाच होता, आणि तोही तुझ्यामुळे! "तीट लावल्याशिवाय पोरीला बाहेर काढू नकोस," हे तुझं फोनवरचं पालुपद. म्हणून फोटोलाही मी तिला ठसठशीत काजळाची तीट लावून नेलं. खिडकीतल्या बाई फोटो बघून म्हणाल्या, "अहो, गालावर डाग चालत नाही. नवा फोटो लागेल." मला रडूच फुटलं.

मग सगळी रांगच कामाला लागली. एका आजोबांनी आपलं पांढरं उपरणं चिमणीच्या मागे पडद्यासारखं धरलं. एका ट्रकवाल्या दादांनी किल्ल्यांचा खुळखुळा केला. बाईंनी स्वतः उठून ओल्या रुमालाने गाल पुसला. शिबिरातल्या फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.

अर्ज घेऊन झाल्यावर बाईंनी आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि चिमणीला पुन्हा तीट लावली. म्हणाल्या, "सरकारचं झालं, आता आजीचं."

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन "किरकोळ" आहे, असं बाबा तीनतीनदा सांगतात, म्हणून जास्तच काळजी वाटते. घाबरू नकोस. पट्टी सुटेल तेव्हा आम्ही दोघी समोर असू. मीठ-मोहऱ्या तेवढ्या काढून ठेव. हिला पहिली दृष्ट तुझीच लागणार आहे.

तुझी,
धांदरट