‘बाळ’ एवढंच लिहिलंय

बॉन, ४ ऑक्टोबर १९५९, रविवार

धुकं. अकरा वाजले तरी समोरचं चर्च दिसेना. शेगडी पेटता पेटत नव्हती, कोळशाच्या विटा दमट. हे म्हणाले, खिडकी उघड, धूर जाईल. मी म्हटलं, उघडली तर ऊबही जाईल, काय घालवायचं ते तुम्हीच ठरवा. हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

बाळ गेलं त्याला महिना झाला. एकदाचं सरळ लिहून टाकते, म्हणजे रोज त्याच्याभोवती फिरत बसायला नको. ऑगस्टच्या शेवटी झालं, बारशाच्या आधीच गेलं. मुलगा होता. डॉक्टर बरंच काही बोलले, मला ‘हेर्त्स’ तेवढं कळलं. काळीज. तेवढं पुरलं.

नंदा आणि छबू खाली अंगणात. झाडावरून चकचकीत तपकिरी कास्टानियन पडतात, ते गोळा करताहेत. खायचे नसतात, नुसते जमवायचे. नंदा साडेपाचची, तिला समजतं. छबू तीनची, ती प्रत्येक चाखून बघते.

८ ऑक्टो.

नंदा किंडरगार्टनमधून आली ती बुटांसकट पलंगाखाली. अर्धा तास बाहेर येईना. शेवटी मीच आडवी झाले जमिनीवर आणि तिथूनच विचारलं.

कुणीतरी म्हणालं, तुझा भाऊ मेला ना, काय नाव त्याचं? हिने सांगितलं, बाळ. जर्मनमध्ये बाल म्हणजे चेंडू. सगळी हसली. एकाने चेंडू आणून हिच्या पुढ्यात ठेवला, हा घे तुझा भाऊ. सिस्टर ओरडल्या म्हणे, पण त्यांनाही आधी हसू आलंच होतं. हे नंदाने पाहिलं. तिला सगळं दिसतं.

“एअर हाइस्ट डॉख निश्त बाल!” पलंगाखालून तीन-तीनदा. त्याचं नाव बाल नाहीच मुळी.

नाहीच. पण आहेही. नोंदीच्या ऑफिसात ह्यांना विचारलं, मुलाचं नाव? आपल्यात बारशाआधी कुठलं नाव! हे म्हणाले, “बाळ.” नाव ठेवलेलं नाही, अजून नुसतं बाळ आहे, असं सांगायचं होतं. समोरच्याने लिहून घेतलं. पुढे दफनभूमीतल्या लाकडी पाटीवरही तेच आलं. बी, ए, एल. एवढंच लिहिलंय, आणि आपलं आडनाव.

ह्यांना बोल लावत नाही. त्या दिवशी मी असते तर मला तेवढंही सुचलं नसतं. पण राग येतो तो येतोच.

माझ्या मनात एक नाव होतं. बारशाआधी सांगू नये म्हणून ह्यांनाही सांगितलं नव्हतं. इथेही लिहीत नाही.

१३ ऑक्टो., मंगळवार

प्रो.नी ह्यांना बोलावलं होतं. प्रबंध डिसेंबरात पुरा होईल. मग हवं तर आणखी दोन वर्षं इन्स्टिट्यूटमध्ये राहा, पगारावर. नाहीतर ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत जेनोआहून बोट, आणि पुण्याला नोकरी. नोव्हेंबर संपायच्या आत कळवायचं.

हे मला नुसतं बातमी म्हणून सांगत होते. उत्तर ठरलेलंच. चार वर्षं मीच तर ह्यांचं डोकं खाल्लंय, कधी जायचं, कधी जायचं. इथला शिळ्या भाकरीसारखा कडक ब्रेड, इथलं हे धुकं, एकमेकांच्या घरी जाण्याआधी पत्र टाकणारी माणसं.

मी म्हटलं, “थांबू या का?”

हे माझ्याकडे मी जर्मन बोलल्यासारखे बघत राहिले.

२० ऑक्टो.

भांडण. पोरींसमोर नको म्हणून हळू आवाजात. हळू आवाजातलं भांडण जास्त लागतं.

हे : “इथे काय आहे आपलं?”

मी : “काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

हे : “अगं, ते झालं ते झालं. त्याला आता...”

कोट घालून निघून गेले, आणि छत्री विसरले, मग भिजून परत आले. छत्री नेली नाहीत एवढं मी बोलले. बाकीचं दोघांच्याही पोटात.

सासूबाईंचं पत्र आलंय कालच. मामंजींची, म्हणजे ह्यांच्या अण्णांची, दृष्टी फारच अधू झाली आहे. माणसं आता आवाजावरून ओळखतात. पोरींना लवकर आणा, म्हणतात. सासूबाई कधी उगाच लिहायच्या नाहीत. त्याखाली दिवाळीच्या तिथी, इकडे पंचांग नाही म्हणून.

मामंजी आवाजावरून ओळखतात, आणि नंदाला सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. हे आम्ही दोघंही बोललो नाही. दोघांनाही सुचलं होतं.

२७ ऑक्टो.

दिवाळी करायची की नाही? विचारायला कुणी नाही. तिकडे असते तर दहा जणींनी दहा तऱ्हा सांगितल्या असत्या, आणि मी अकरावी केली असती. पोरींसाठी करते. थोडी.

बेसन नाही. पिवळे वाटाणे भाजून घरमालकीण फ्राउ मर्टेन्स (पुढे फ्रा. म.) ह्यांच्या कॉफीच्या हातगिरणीत दळले. लोणी कढवून तूप. लाडू झाले, पण घमघमाट कॉफीचा. फ्रा. म.ना एक दिला. डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाल्या, तुमच्या देशात कॉफी छान होते हो. मी हो म्हटलं. किती दिवसांनी हसायला आलं, आणि लगेच कसंतरी झालं. हसण्याचीही आता चोरी.

३१ ऑक्टो., शनिवार

लक्ष्मीपूजन. जॅमच्या बरण्यांच्या झाकणांत मेणबत्त्या. छबूने फुंकर मारून सगळ्या विझवल्या आणि टाळ्या पिटल्या. तिला वाटलं वाढदिवस. ह्यांनी न बोलता परत लावल्या. एक लाडू खाल्ला, दुसरा नको म्हणाले.

१ नोव्हें., रविवार, पाडवा

फ्रा. म. म्हणाल्या, आज सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर दिवा लावतात, चला. ह्यांना विचारलं. “वाचायचंय.” पुरलं त्या दिवसानंतर हे एकदाही आलेले नाहीत. मी पोरींना घेऊन गेले.

एवढी माणसं तिथे असतील असं वाटलं नव्हतं. चांगले कपडे, हातात फुलं. कुणी बोलत नाही. पाच वाजले, अंधारत गेलं, आणि सगळीकडे लाल काचेतले दिवे. रांगाच्या रांगा, लांब भिंतीपर्यंत.

छबू ओरडली, “आई, दिवाळी! केवढी मोठी दिवाळी!”

माणसं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंदाने तिचं तोंड दाबलं, ती आणखी ओरडली. फ्रा. म.नी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, आमचा सण चालू आहे, घरोघरी असे दिवे लावतात, तिला तेच वाटतंय. फ्रा. म. म्हणाल्या, वाटू दे.

बाळाच्या पाटीपाशी आमचा दिवा लावला. काडी माझ्याच्याने पेटेना, नंतर पेटली. मग फ्रा. म. मधल्या मोठ्या क्रॉसकडे गेल्या. ज्यांची कबर नाही त्यांचे दिवे तिथे. त्यांचा मुलगा युद्धात रशियात गेला तो परतला नाही, मेल्याचंही कळलं नाही. चार वर्षं त्यांच्या घरात राहतेय, मला आज समजलं.

येताना म्हणाल्या, “तुम्हाला निदान जायला जागा आहे.”

घरी आल्यावर ह्यांना पाडव्याचं ओवाळायचं राहिलं. त्यांनीही आठवण केली नाही.

२ नोव्हें., सोमवार, भाऊबीज

पोरींना सांगितलं, आज भावाला ओवाळतात. भाऊ नसला तर चंद्राला ओवाळायचं, चंद्र सगळ्यांचा भाऊ. माझी मावशी असंच ओवाळायची. अगदी सहज सांगून गेले.

नंदा बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “आबर वीअर हाबन डॉख आइनन ब्रूडर.” आहे की आपल्याला भाऊ.

मी स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर काही नव्हतं, तरी तिथे उभी राहिले.

संध्याकाळी ढग. चंद्राचा पत्ता नाही. दोघी खिडकीत ताट घेऊन, निरांजन विझू नये म्हणून मी बाजूला हात धरून. नंदाने विचारलं, दफनभूमी कुठल्या बाजूला? मी दाखवली, स्टेशनच्या पलीकडे. तिने तिकडे तोंड करून ओवाळलं. मग छबूने, तिने निरांजन जवळजवळ पडद्यालाच लावलं. शेजारच्या खिडकीतल्या बाई बघत होत्या. बघू दे.

मागे वळले तर हे दारात. कधी आले कळलं नाही. कोट अंगावर तसाच. आत गेले आणि नळ सोडून ठेवला, बराच वेळ. पाणी कशाला वाया घालवताय असं मी एरवी म्हटलं असतं.

जेवताना म्हणाले, “तो कुठल्या बाजूला आहे, ते तिला तूच सांगितलंस?”

तो. आजवर ह्यांच्या तोंडी नुसतं ‘ते झालं ते’. मीसुद्धा ह्या वहीत ‘बाळ गेलं’ असंच लिहीत आलेय. मी मान हलवली. भात वाढला. मला ह्यांचा हात धरायचा होता, पण मध्ये छबूची खुर्ची.

११ नोव्हें.

मुलांची कंदिलांची मिरवणूक. घोड्यावर लाल झग्यातला संत, मागे सगळी शाळा. नंदाला अख्खं गाणं पाठ, एक शब्द चुकला नाही. छबूचा कागदी कंदील पेटला, हिने भोकाड पसरलं. ह्यांनी तिला खांद्यावर घेतलं.

परतताना हे एकदम म्हणाले, “अण्णांशी ही काय बोलणार गं?”

नंदा पुढे गात चालली होती. हे म्हणतात त्यातलं काहीच खोटं नाही, तिथेच तर माझी पंचाईत आहे.

१७ नोव्हें., मंगळवार

“तू म्हणशील तसं,” म्हणाले आज. मी चिडले. चार वर्षं सगळं तुम्ही ठरवलंत, हेच तेवढं माझ्यावर!

मग हे बसले समोर. वाद नाही, शांतपणे म्हणाले, “अण्णा वाट बघताहेत. आपण गेलो नाही तर त्यांना कळेल. इथून गेलो तर त्याला काय कळणार आहे?”

“मला कळेल ना.”

नंतर बशा त्यांनी विसळल्या, मी पुसल्या. एक फुटली. कुणाच्या हातून ते सांगता यायचं नाही.

तिकडे गेल्यावर सगळे म्हणतील, दोन गोड पोरी आहेत, त्यांच्याकडे बघ. बघतेच आहे. कुणी त्याच्याविषयी विचारणार नाही, कारण कुणी त्याला पाहिलेलंच नाही. पाहिलेले आम्ही दोघंच. आणि नंदा, हॉस्पिटलच्या काचेतून.

२२ नोव्हें., रविवार

कडक थंडी, पण ऊन. फ्रा. म. सकाळीच फाटकाशी, हातगाडीत टानंच्या, सुईसारख्या पानांच्या, हिरव्या फांद्या घेऊन. बर्फ पडायच्या आत कबरी झाकून घेतात म्हणाल्या, आज सगळे तेच करतील. मी कोट घालत होते. मागे वळून बघितलं तर हेही बूट घालत होते.

पाटीपाशी आल्यावर हे उभेच राहिले. वाचत असावेत. मग इस्त्रीच्या पँटीनिशी खाली बसले आणि फांद्या लावायला लागले. फ्रा. म. सांगत होत्या, एकावर एक घ्या, टोकं उताराकडे, म्हणजे पाणी ओघळून जातं. हे एरवी कुणाचं ऐकायचे नाहीत, आज सगळं ऐकत होते. मी एकेक फांदी हातात देत गेले. वास छान होता.

छबू म्हणाली, “बाबा, तोंडावर नको ना.”

ह्यांनी वरच्या दोन फांद्या काढल्या आणि पाटीजवळ थोडी जागा उघडी सोडली. फ्रा. म.नी पाहिलं. तसं करत नाहीत इथे, पण त्यांनी ते तसंच राहू दिलं.

झाल्यावर म्हणाल्या, आता हिवाळाभर बघायला नको. मार्चमध्ये बर्फ वितळला की मात्र आठवणीने काढा, नाहीतर खालचं सगळं कुजतं.

“उंड वेअर माख्ट डास वीडर वेक?” नंदा. कोण काढणार?

हे गुडघ्यावरची माती झटकत होते, झटकतच राहिले. बोट फेब्रुवारीत. उद्या सकाळी प्रो.ना सांगायचंय. मी ह्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. फ्रा. म. रिकामी गाडी वळवत होत्या.

आम्हाला ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं असावं. या वेळी मराठीत विचारलंन, मोडकं, पण पुरं. “आई, मार्चमध्ये कोण काढेल?”

मी तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. ते लागलेलंच होतं.