रंध्याची टिकली

प्रिय रंध्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. दुकान चाललंय. हल्ली घड्याळ दुरुस्त कोणी करत नाही, फक्त सेल बदलून नेतात. तरी मी डोळ्याला भिंग लावून बसतो, सवय जात नाही. गल्लीतली मोठी बातमी म्हणजे यंदा पाणी शिरलं नाही. कपाटाच्या दुसऱ्या खणापर्यंत चढणारं पाणी उंबऱ्यालाही लागलं नाही, सगळं समोरच्या नव्या तळ्यात गेलं. काठाला झाडं लावलीत, बाकं टाकलीत. तुझा सुतारकामाचा कारखाना होता तिथेच तळं सर्वांत खोल आहे. त्या बाकांवर मी अजून बसलेलो नाही.

नकाशाची ती सभा तुला कधी नीट सांगितलीच नाही. शाळेत टेबलं जोडून नकाशा पसरला होता. भोवती पालिकेचे इंजिनिअर, बिल्डर, बँकेचा माणूस आणि आराखडा करणाऱ्या तरुण बाई. बाई मनापासून बोलल्या. म्हणाल्या, इथला प्रत्येक जण या कामात वाटेकरी आहे. तळं झालं नाही तर पुढच्या पुरात गल्लीतल्या घरांच्या दोन्ही रांगा जातील, तेव्हा कुठली रांग उठवायची एवढंच ठरवायचं होतं. इंजिनिअर म्हणाले, आम्हाला दोन्ही जागा सारख्याच. बिल्डरने मान डोलावली. बँकवाला सारखा घड्याळ बघत होता, तेही पाच मिनिटं मागे. निर्णय तुमचा, असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले आणि घरटी एक निळी टिकली दिली. जिथे तळं हवं त्या रांगेवर चिकटवायची. वाटे ज्याचे त्याला, पाप तेवढं आमच्या पदरात.

जो तो समोरच्या रांगेवर टिकली लावत होता आणि खाली बघत जागेवर जाऊन बसत होता. तुमची घरं एकवीस, आमची वीस. म्हणजे आमचीच रांग जाणार, हे कळायला भिंग लागत नव्हतं. तू सकाळीच वहिनींना दवाखान्यात नेलं होतंस. जाताना तुझ्या टिकलीसाठी सहीची चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणालास, “तू आहेस म्हणजे मी आहेच की.” आपल्या मित्राला त्याचंच घर बुडवायला सांगतोय, हे तुझ्या ध्यानातही आलं नसेल.

तुमच्या रांगेवर एकवीस टिकल्या निघाल्या, आमच्या रांगेवर वीस. तुमच्यातलाच कोणीतरी फुटला, असं सगळे म्हणाले. तू बिल्डरवर खापर फोडलंस, त्याने कोणालातरी फितवलं म्हणालास. मीही मान हलवली. तुझं सामान टेम्पोत चढवताना रंधा मीच गोणपाटात गुंडाळून दिला.

आणि आता हे तुझं पत्र. घराच्या बदल्यात मिळालेल्या त्या इमारतीची लिफ्ट बंद होती म्हणून वहिनींना खुर्चीत बसवून अकरा मजले उतरवलं, खाली पोचेपर्यंत उशीर झाला होता, एवढं लिहून पुढे तू माझेच आभार मानलेस. त्या दिवशी सभेत आमच्या बाजूने निदान तू तरी होतास, म्हणालास. ती ओळ वाचली आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही.

नव्हतो रे मी तुमच्या बाजूने. माझी टिकली तुमच्या रांगेवर लावली आणि तुझीही तिथेच लावली. फुटलेला माणूस मी होतो. काल आराखड्याच्या बाई दुकानात आल्या होत्या. सभेची चौकशी लागली आहे, महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येईल. ती खरी ठरली तर उठवलेल्यांना आमच्या रांगेत घरं द्यावी लागतील, आणि पहिलं माझं रिकामं होईल. तुझी चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती सोबत जोडली आहे. रागाने हे पत्र फाडू नकोस. चौकशीच्या टेबलावर ठेव. नंतर मला फिरता येऊ नये म्हणून प्रत्येक पानावर सही केली आहे.

तुझाच म्हणवून घ्यायची आज लाज वाटते, तरी तुझाच,
घड्याळजी