मी डिपरवरच होतो

२ डिसेंबर, सोमवार

आज चाळीस बायका घेऊन मेलो असतो!

पहाटे सव्वापाचला मांडवगण सोडलं. धुकं होतंच. न्हावऱ्याच्या अलीकडच्या वळणावर उसाची ट्रॉली उभी — मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, काही नाही. आणि आमच्या बसचे दिवे! पिवळट, आजारी. ऊस दिसला तेव्हा तो काचेला लागायचाच बाकी होता. करकचून ब्रेक मारला. गिताबाई सीटवरून पुढे आल्या, त्यांच्या डब्यातलं कालवण माझ्या पाठीवर. ट्रॅक्टरवाला वर मलाच म्हणतो, "दिसत न्हाई व्हय रं?" नाहीच दिसत! दिसत असतं तर तुझ्या ट्रॉलीत घुसायला आलो असतो का?

माया पुढच्याच सीटवर असते. कंपनीच्या गेटवर उतरताना म्हणाली, "दिवे बदला. रोज जीव मुठीत धरून मला कामाला यायचं न्हाई." बायको माझी, पण बोलली चाळीसजणींच्या वतीने. पटलं. पटलं म्हणून जास्तच राग आला.

४ डिसेंबर, बुधवार

बस तेवीस वर्षांची. आधी शाळेची होती, मग माझ्याकडे आली. दिव्यांमागचे आरसे काळे पडलेत. मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत — मागच्या सीटवरच्या बायका रोज कंबर धरून उतरतात. एक धरलं की दुसरं सुटतं. आधी दिवे. पाट्यांचं नंतर बघू.

६ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी सासुरवाडीला, न्हावऱ्याच्या विहारात. सगळी वस्ती जमलेली, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावणं चाललेलं. मेहुणा संघर्ष — मायाचा धाकटा भाऊ, दुधाची पिकअप चालवतो, जीभ पिकअपपेक्षा जोरात — सगळ्यांदेखत म्हणतो, "मेणबत्त्या कमी पडल्या तर दाजींच्या बसच्या दोन काढून आणा रं!"

आजच्या दिवशी! लोक हसले. सासूबाई हसल्या. माया पण हसली, पदर तोंडाला लावून. मी बघितलं.

जेवलो नाही. वर्षापूर्वी नवी पिकअप काय घेतली, हा मला हसणार! लग्नात याला मीच कडेवर घेऊन फिरवला होता. थांब म्हणावं.

१२ डिसेंबर, गुरुवार

कंपनीला सुट्टी. बस घेऊन दौंडला, दगडोबामामांकडे. रेल्वेत वायरिंग करण्यात जन्म गेला, आता घरामागे गाड्यांची कामं करतात. सम्राटने मागवलेले एलईडी बल्ब दाखवले. माझ्या पोराने हौसेने मागवले होते. मामांनी तोंड वाकडं केलं. "आरं, तुझं दिवं न्हाई मेलं, वायरी मेल्यात. जाड वायर टाकू, आरसं नवं घालू, आन् मग बघ तुझाच साधा बल्ब कसा जळतोय." नको म्हणालो. मला पांढरा पाहिजे. आरपार! "जुन्या आरशात ह्यो बल्ब घातला की उजेड कुठंबी सांडतो," म्हणे. सांडू दे! कुणाच्या घरात सांडतोय का?

शेवटी बसवले, पण तोंड पाडूनच. त्यांच्या भिंतीवर चुन्याची रेघ आहे. बस समोर ठराविक पावलांवर लावायची आणि डिपरचा, म्हणजे खालच्या दिव्याचा, उजेड रेघेखाली आणायचा. अंधार पडेपर्यंत थांबलो. आणला. बरोब्बर रेघेखाली. निघताना म्हणतात, "ही रिकामी गाडी झाली. भरल्या गाडीनं येकदा ये."

भरल्या गाडीने! चाळीस बायकांना दौंडला भिंत दाखवायला आणू? सहल आहे का? म्हातारपणी माणसाला येणारं-जाणारं लागतं, दुसरं काय.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दिसलं! सगळं दिसलं! खड्डे, कडेची बाभळ, उसाचं कांडं न् कांडं. गिताबाई म्हणाल्या, "मच्छिंद्रभाऊ, दिवस उगवला की वो!" पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरतोय, आज पहिल्यांदा गेटवर पोचेपर्यंत खांदे आखडले नाहीत.

१६ डिसेंबर, सोमवार

कालव्याच्या चारीवरच्या पुलावर समोरून संघर्षने डिपर मारला, दिवे वर-खाली केले. तीनदा. माझ्यावर जळतो!

१८ डिसेंबर, बुधवार

आता सगळेच मारायला लागलेत. एसटीवाला, भाजीचा टेम्पो. मोटरसायकलवाले तर हात वर करून शिव्या देतात. इतकी वर्षं मी अंधारात गेलो तेव्हा कुणी विचारलं नाही, आता मला दिसायला लागलं तर यांच्या पोटात दुखतं.

दुपारी संघर्षचा फोन. "दाजी, लाईट खाली ठेवत जावा. समोरचं कायबी दिसत न्हाई वो." मी डिपरवरच होतो! अप्पर, वरचा दिवा, लागला की डॅशबोर्डवर निळा ठिपका पेटतो, तो बंद होता. एवढं मला कळत नाही? म्हणालो, "तुझ्या मेणबत्त्या बदल आता." आणि ठेवला फोन. बरं वाटलं! खोटं कशाला लिहू.

माया म्हणते, "तो उगं बोलत न्हाई. मामांकडं दाखवून आणा येकदा." भावाचीच बाजू घेणार.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून घास गिळलेला नाही.

धुकं दाट होतं. पुलापाशी समोरून डिपर, डिपर, डिपर. मी शिवी हासडली आणि बस पुढे काढली. माया म्हणाली, "थांबा, मागं कायतरी वाजलं." उशीर होतोय म्हणालो. थांबलो नाही.

गेटवर मोनिकाचा फोन, संघर्षच्या बायकोचा. पिकअप पुलावरून खाली चारीत. पाय दोन ठिकाणी मोडला, बरगड्या मोडल्या. दूध गोळा करायला निघाला होता, रिकामे कॅन पाण्यावर वाहत गेले. माया गेटवरच खाली बसली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी डिपरवरच होतो.

२५ डिसेंबर, बुधवार

शिरूरला, हॉस्पिटलात. सासूबाई — ताईबाई — मला बघून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मोनिका चार माणसांत म्हणाली, "तुमच्या लायटीनं केलं ह्ये." चार माणसांत!

आणि पोलिसांना जबाब काय दिलाय संघर्षने? हवालदाराने माझ्यासमोर वाचून दाखवला. कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवायला गेलो, गाडी खाली गेली. समोरून कुठली गाडी आली का? नाही. घ्या! त्याच्या तोंडचं आहे! मग मला कशाला फाडून खाताय? हे मी तिथेच मोठ्याने म्हणालो. माया बाहेर निघून गेली. संघर्ष जागा होता. माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले.

बोलणार काय? कुत्र्यापायी गाडी घालवली!

२६ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. तडक दौंडला. त्याच भिंतीसमोर बस लावली, अंधार पडू दिला, डिपर लावला. रेघेखाली! बोटभर वर नाही. फोटो काढला आणि पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — ज्यांना बोलायचं त्यांनी हे बघून बोला.

मामा चहा पीत होते. "परत रिकामीच आणलीस व्हय?" हे म्हातारं एक, त्याला एकच गाणं येतं.

फोटो सगळ्यांनी बघितला. कुणी काही लिहिलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

माया बोलत नाही. डबा करते, ठेवते. बसमध्ये पुढची सीट सोडलीय तिने. अगदी मागे जाऊन बसते, दणके बसतात तिथे. खाऊ दे दणके!

आरशात दिसते.

२९ डिसेंबर, रविवार

आज बोलली. "डेअरीवाले संघर्षची लाईन दुसऱ्याला देतील. तो उठंपतोर दूध तुम्ही गोळा करायचं. डेअरी दुसरी पिकअप देतीय. बस सम्राट नेईल." सम्राटचं लायसन आहे, प्रवासी गाडीचा बॅज आहे, तिने सगळं ठरवून ठेवलंय. मला विचारलं नाही, सांगितलं.

जातो! बरंच झालं. तोच रस्ता, तीच वेळ, तोच पूल. जाऊन दाखवतो. कुत्रं आडवं आलं तरी गाडी कशी सांभाळतात ते बघा म्हणावं.

३० डिसेंबर, सोमवार

पहाटे न्हावऱ्यातून पिकअप घेतली. पुलावर समोरून आमची बस आली. भरलेली, मागे दबलेली, नाक वर. मग नुसतं पांढरं. रस्ता नाही, पूल नाही, स्टिअरिंगवरचे माझे हात नाहीत. डिपर मारला. परत मारला. परत! बस निघून गेली. डोळ्यांपुढचं पांढरं गेलं तेव्हा पिकअपचं चाक पुलाच्या कडेला टेकलं होतं.

तिथेच बसून होतो. गेटवरून सम्राटचा फोन आला.

"पप्पा, पुलावर तुम्हीच व्हता का? सारखं डिपर कशाला मारत व्हता? मी डिपरवरच व्हतो!"

कुत्रं नव्हतंच.