आतला छेद उभा असल्याने कळांचे सलाईन थांबवणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
प्रसूती विभाग, इंदूर

विषय : सौ. मैत्री खोब्रागडे यांचे कळांचे सलाईन तूर्त थांबवणेबाबत.
संदर्भ : प्रसूतिकक्षाच्या दारात आज झालेले बोलणे.

महोदया,

आज सकाळी साडेदहा वाजता अर्जदाराची पत्नी मैत्री हिला कळा आणण्याचे सलाईन लावण्यात आले. दिवस उलटले होते आणि पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले होते. गर्भाशयावरचा छेद आडवा असेल तर नजर ठेवून असे करता येते, हे ड्यूटी डॉक्टरांनी नीट समजावले. त्यांच्याविषयी तक्रार नाही.

छेद आडवा असल्याचे भरतीच्या वेळी अर्जदाराच्या आई भीमाबाई यांनी सांगितले. सून तोंड उघडण्याआधीच त्यांनी उत्तर दिले. घरी आणल्यावर सुनेची मालिश त्यांनीच केली होती. टाका त्यांच्या हाताखालचा. ऑपरेशन मात्र माहेरी, अकोल्यात झाले. आमच्यात पहिले बाळंतपण माहेरचे, दुसरे सासरचे. म्हणून अर्जदाराच्या अकोल्यातील सासूबाईंनीही यात काही विचारले नाही.

सलाईन लागल्याचे कळवायला अकोल्याला फोन केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "प्रशिकजी, बाहेरचा टाका आडवा आहे, आतला पिशवीवरचा उभा. सातव्या महिन्यातच ऑपरेशन करावं लागलं, बाळ आडवं होतं ना. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वेळी कळा येऊच द्यायच्या नाहीत." असा टाका कळांनी उसवू शकतो.

अर्जदार धावत दाराशी गेला. सिस्टर म्हणाल्या, "भिया, डॉक्टर मॅडम ऑपरेशन थिएटर में हैं. लिखके लाओ." लिहून नेले, तर आवक खिडकीवर हिंदी अर्ज आणि पत्नीची सही मागितली. पत्नी आत आहे आणि आत पुरुषांना मनाई आहे. आपण मराठी आहात असे गार्डने सांगितले, म्हणून हा कागद थेट आपल्याकडे आणला.

आईची चूक अर्जदार आपल्या डोक्यावर घेतो. त्या जिन्यात बसून आहेत, पाणीही घेत नाहीत. सांगाल तिथे सह्या करतो. फक्त सलाईन थांबवावे, वरिष्ठांनी एकदा पोट पाहावे आणि सिझेरियनचे ठरवावे. तीन वर्षांची मुलगी धम्मदीना घरी आईची वाट पाहते आहे.

आपल्या दाराबाहेर उभा,
प्रशिक बाबूराव खोब्रागडे, महू
दि. १९ नोव्हेंबर २०२५

सोबत : अकोल्याच्या डॉक्टरांचा मोबाईल नंबर. ते बोलायला तयार आहेत.

ता. क. : आतून आलेल्या मावशींनी आताच सांगितले की कळा वाढल्या आहेत, आणि दोन कळांच्या मधेही मैत्री टाक्यावर हात दाबून धरते आहे. सलाईन चालू आहे.