आठातलं उरलेलं गाणं

पांढुर्णा

प्रिय अश्विनी,

पत्र पाहून घाबरू नको बाप्पा, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, मध्येच खिदळतेस. आणि हे एका दमात सांगितलं नाही तर माझा धीर सुटेल. तुझ्या आईच्या, आपल्या देवकाकाकूंच्या, भुलाबाईच्या गाण्यांचा माझ्या हातून घोटाळा झालाय. शिव्या द्यायच्या तर दे, पण शेवटपर्यंत वाचून दे.

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय घोटाळा कळायचा नाही. घरूनच नागपूरच्या एका कंपनीचं काम करून राहिली मी. आता एआय एजंट म्हणून प्रकार निघालेत; आपण नुसतं सांगायचं आणि कॉम्प्युटरवरची कामं त्यांनी उरकायची. त्यांना एकेक साधन देतात, आणि ते कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही, हे लिहून ठेवावं लागतं. ते मी लिहिते. म्हणजे माझा वाचक माणूस नाहीच! आई शेजारणींना सांगते, आमची उर्वशी मशीनला चिठ्ठ्या लिहिते. माझा साहेब प्रतीक नागपूरचाच, तरी दरवर्षी आपल्या गोटमारीच्या जत्रेला विचारतो, मॅडम, तुम्ही किती दगड मारले? यंदा मी म्हटलं, एक राखून ठेवलाय, नागपूरला येईन तेव्हा आणते.

तर या खेपेचं साधन होतं क्लाउडवरच्या फायली कायमच्या पुसायचं. कचरापेटीत पडून राहतील आणि महिनाभरात परत काढता येतील, असली भानगड नाही. गेली की गेली. मी ऐटीत लिहिलं की पुसण्याआधी किती फायली जाणार ते माणसाला सांगावं आणि त्याचा होकार घ्यावा. प्रतीक खूश, मी त्याहून खूश. मग मला शहाणपण सुचलं, की कंपनीच्या खोट्या फायलींवर काय कळणार, आपल्याच पसाऱ्यावर करून पाहू. एजंटला सांगितलं, एकच फाईल दोनदा-तीनदा असेल तर जादाच्या काढून टाक. त्याने अगदी माझ्या शिकवणीप्रमाणे विचारलं, जादाच्या सात फायली सापडल्या, कायमच्या पुसू का? मी एका हाताने चहा गाळत होते. दुसऱ्या हाताने लिहिलं, हो.

त्या सात फायली म्हणजे देवकाकाकूंची गाणी होती गं. पाच वर्षांपूर्वीची रामाकोन्याची कोजागिरी आठव. तुमच्या अंगणात आपण आठ जणी, आणि काकू दर पोरीला समोर बसवून तेच गाणं म्हणत होत्या. फक्त पोरगी सासरी निघते तिथे समोरचीचं नाव घालायच्या. तू ती फोनवर रेकॉर्ड केलीस, आणि तो फोन पाण्यात पडला त्याआधी सगळी माझ्याकडे ठेवायला दिलीस. आठही फायलींचं नाव एकच, पुढे कंसात आकडे. मशीनला वाटलं एकाच गाण्याच्या आठ प्रती, त्याने पहिली ठेवली. पहिली माझी, कारण मी हावरटासारखी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते. तुझं नाव असलेलं गाणं गेलं. खूप रडले. प्रतीकवरही ओरडले, त्या बिचाऱ्याचा काय दोष! कुठेकुठे विचारलं, परत मिळायचा मार्ग नाही.

मग ती चिठ्ठी मी पुन्हा लिहायला घेतली. नुसता आकडा सांगू नये. एकेक फाईल माणसापुढे ठेवावी, त्याला उघडू द्यावी, ऐकू द्यावी. नाव सारखं म्हणून आतलं सारखं धरू नये. शंका आली तर पुसूच नये. प्रतीक म्हणाला, यानं काम फार हळू होईल. म्हटलं, होऊ दे हळू, कुणाची गाडी सुटून राहिली! त्याने एक शब्द बदलला नाही.

एवढं करूनही चैन पडेना, म्हणून गाणं पुन्हा रेकॉर्ड करायला रविवारी फोन घेऊन रामाकोन्याला गेले. काकूंना सगळं खरं सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या, मग म्हणायला बसल्या. आवाज थोडा कापतो, पण माझी टाळी चुकली तशी पाठीत धपाटा घातला. नावाची जागा आली आणि त्या थांबल्या. मी म्हटलं, अश्विनीचं घाला. तर म्हणाल्या, समोर बसल्या पोरीचंच नाव घेत असतात वं, जे आलीच नाही तिचं कसं घेऊ? तुझा मोरेश्वरदादा दारात संत्र्याची खोकी ठोकत होता, त्याचा हात थांबला. सख्खा भाऊ असून तुझ्या लग्नाला तो आला नाही, आणि तेव्हापासून चार वर्षं तू त्या घरात पाऊल ठेवलं नाहीस, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक आहे. मी निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि खाली पाहत म्हणाला, अश्विनीची इंदूरची गाडी पांढुर्ण्याला किती वाजता येते? मी घ्यायला जातो, येईल का ते, विचार तिला.

म्हणून हे पत्र. बसले होते माफी मागायला, पण खरं म्हणजे बोलावणं करतेय. कोजागिरीला ये. मी मागच्या रांगेत बसेन, शपथ. काकूंनी सकाळ-संध्याकाळ गरम पाणी घ्यायला सुरुवात केलीय, घसा साफ व्हावा म्हणून.

धपाट्याला पाठ तयार ठेवून,
तुझीच,
उर्वशी