मॉनिटरची शिट्टी

४ मार्च, सकाळी
स्टुडिओत नवीन मॉनिटर आला. निवड माझी. वाचनाच्या खोलीत बसवला, म्हणजे वाचकबाई कादंबरी स्क्रीनवरच वाचणार आणि कागदाची खसखस रेकॉर्डिंगमध्ये येणार नाही. उगाच नाही मला इथे सगळे ‘कानसेन’ म्हणत. धाकटे मालक खूश.

४ मार्च, दुपारी
वाचकबाई म्हणतात, मॉनिटर शिट्टी मारतोय. बारीक, टोचणारी. मी अगदी कान लावून पाहिला. चिडीचूप. बाईंना म्हटलं, थकला असाल, पाणी प्या.

५ मार्च
असिस्टंटलाही म्हणे शिट्टी ऐकू येते. कमाल आहे! माईक कसा लावायचा हे हिला मी शिकवलं, आणि ही बाईंच्या बाजूने! दोघींचं काहीतरी शिजतंय.
मग धाकट्या मालकांनीही मान डोलावली. म्हटलं, अहो, मला कालच ऐकू आली होती. तुमची परीक्षा घेत होतो.

७ मार्च
निदानाला हात घातला. पद्धत माझी स्वतःची. मॉनिटरकडे बघायचंच नाही, वाचकबाईंच्या कपाळाकडे बघायचं. आठी पडली की शिट्टी चालू, आठी गेली की बंद.
केबल बदलली. आठी. प्लग बदलला. आठी. ब्राइटनेस पूर्ण वाढवला. आठी गायब! लगेच जाहीर करून टाकलं, ब्राइटनेस कमी केला की शिट्टी वाजते. असिस्टंट म्हणाली, बरोबर सर. बरोबर म्हणे! जसं काही हिनेच शोधलं.

१० मार्च
बाईंच्या कपाळावर ही मोठी आठी. मी ओरडलो, थांबा, शिट्टी आली! बाई म्हणाल्या, शिट्टी कसली, उजेडाने डोळे चुरचुरतायत. असिस्टंट खाली मान घालून हसली. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी. फितूर.

११ मार्च
बाई डोळ्यांमुळे रजेवर. बदली वाचक आले, माझ्याच वयाचे. टोपी घालतात, कपाळ दिसत नाही. त्यांनी ब्राइटनेस कमी मागितला, दिला. माणूस समजूतदार, एक तक्रार नाही. असिस्टंट दोनदा दारात येऊन शिट्टी, शिट्टी करत होती. मत्सर. तिला चहा आणायला पिटाळलं. रेकॉर्डिंग मात्र आरशासारखं स्वच्छ.

१४ मार्च
प्रकाशकांनी रेकॉर्डिंग परत पाठवलं. म्हणे पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत शिट्टी.
धाकटे मालक म्हणाले, काका, राग मानू नका, एकदा कान तपासून घ्या. तोवर तुमच्या खुर्चीवर असिस्टंट बसेल. ती! मोठ्या मालकांनी मला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं होतं, तेव्हा हे चिरंजीव टेबलाखाली रांगत होते. फार लागलं मनाला.
निश्चय: कानांचा रिपोर्ट आणायचा आणि सगळ्यांच्या तोंडावर फेकायचा.

१७ मार्च
कानाच्या डॉक्टरांकडे. सोबत बायको. काचेची खोली, हेडफोन, आवाज आला की हात वर करायचा. सुरुवातीला छान चाललं होतं. मग मशीन बंद पडलं. डॉक्टरीणबाई आपल्या बटणं दाबतायत, दाबतायत, आणि आवाजाचा पत्ता नाही. बाहेर येऊन मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तुमच्या हेडफोनची वायर सैल आहे. त्या म्हणाल्या, मशीन ठीक आहे. बोलायची पद्धतही कशी, लहान मुलाला समजावल्यासारखी. म्हटलं, हिला बसवा, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.
ही बसली. डोळे मिटले. हात वर. पुन्हा वर. वर, वर, वर. मी काचेला नाक लावून उभा. इतक्या वर्षांचा संसार, आणि हीसुद्धा त्यांना सामील!
तेवढ्यात हिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग तिचा हात वर झालाच नाही. डॉक्टरीणबाई बटणं दाबत राहिल्या आणि ही दोन्ही हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत, तशीच बसून राहिली.
मी म्हटलं, बघा, हिलाही ऐकू येत नाहीये. मशीन दुरुस्तीला द्या.
डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट पुढे केला. मी तो न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.